दोन्ही पाहिले असतील, तरच मत

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एकाच विषयावरची पत्रे इतकी निघाली की सदराची सारी जागा त्यांनाच द्यावी लागली. विषय आहे स्वतंत्र चित्रपटांच्या स्पर्धेचा. दोन चित्रपट समोरासमोर ठेवायचे, प्रेक्षकांनी मत द्यायचे, हरलेला बाद आणि जिंकलेला पुढच्या फेरीत, अशी तिची रीत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही अंबाजोगाईतील काही मित्र एक छोटे चित्रपट मंडळ चालवतो. मराठवाड्यातील स्वतंत्र दिग्दर्शकांच्या लघुपटांची बाद पद्धतीची स्पर्धा घ्यायचे आम्ही ठरवले असून २१ प्रवेशिका आल्या आहेत. ड्रॉ कसा काढावा, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी घालावी, यावर मात्र मंडळात दोन तट पडले आहेत. सरळ चिठ्ठ्या टाकाव्यात असे काहींना वाटते, तर यूट्यूबवर ज्याला जास्त व्ह्यूज त्याला वरचे मानांकन द्यावे, असा इतरांचा आग्रह आहे. आपण काय सुचवाल? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : आधी आकड्यांचे पाहू, कारण भांडणाचे अर्धे मूळ तेथेच आहे. बाद फेरीचा तक्ता ८, १६, ३२ असा दुपटीनेच भरतो. २१ प्रवेशिकांसाठी ३२ घरांचा तक्ता आखावा लागेल, त्यातील ११ घरे रिकामी राहतील, म्हणजे ११ लघुपटांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळेल आणि उरलेल्या १० लघुपटांना ५ सामने खेळून त्यांच्या पंक्तीला यावे लागेल. कबड्डीच्या मैदानावर लहानाचा मोठा झालेल्या कोणालाही यात नवे काही वाटणार नाही. गेल्या वर्षीच्या विजेत्याला पुढे चाल दिली तर तेथे कोणी हरकत घेत नाही, कारण त्या संघाने मागे काय केले आहे हे सर्वांनी पाहिलेले असते. आपल्या लघुपटांना असा मागचा हंगामच नाही, आणि ११ जणांना न खेळता पुढे नेण्यासाठी दाखवता येईल असा कोणताही आधार आपल्या मंडळाकडे नाही.

व्ह्यूज हा तसा आधार होऊ शकत नाही. दोन वर्षांपूर्वी टाकलेल्या लघुपटाचे व्ह्यूज गेल्या महिन्यात टाकलेल्यापेक्षा बहुधा जास्तच असणार, आणि ज्याच्या चुलतभावाचे लग्नाच्या व्हिडिओंचे चॅनल जोरात चालते त्याचे त्याहून जास्त असणार. शिवाय मानांकनाच्या रूढ पद्धतीत पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी, आठव्याची नवव्याशी अशी घातली जाते आणि प्रत्येक जोडीची बेरीज १७ येते. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची मार्च महिन्यातली स्पर्धा, जिच्यात १९८५ पासून ६४ संघांचा तक्ता सुरू झाला आणि जिच्यावरून अशा चाहत्यांच्या मतांच्या स्पर्धांनी तक्त्याचा साचा उचलला, तीही प्रत्येक विभागात याच हिशेबाने चालते. बास्केटबॉलमध्ये हे ठीक आहे, कारण तेथे निकाल चेंडू लावतो. आपल्याकडे निकाल लावणारा प्रेक्षकच आधीच्या प्रसिद्धीने बांधला गेलेला असतो. त्यात आपण व्ह्यूजप्रमाणे मानांकन दिले, तर सर्वांत ओळखीच्या लघुपटासमोर सर्वांत अनोळखी लघुपट उभा राहील आणि एकाच प्रसिद्धीचे बक्षीस दोनदा दिले जाईल.

मग चिठ्ठ्या टाकल्या की काम झाले का? तसेही नाही. मतांच्या स्पर्धेत ड्रॉ हा केवळ क्रम नसतो, तो काही वेळा निकालच असतो. काँडोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ साली दाखवून दिलेली ही गोष्ट आपल्या मंडळाच्या बैठकीत फळ्यावर मांडून पाहावी. समजा, तीनच लघुपट उरले आहेत : एक दुष्काळावरचा, एक विनोदी आणि एक शाळकरी मुलांचा. प्रेक्षक ९० आहेत. त्यांपैकी ३० जणांची पसंती दुष्काळ, विनोदी, मुलांचा या क्रमाने आहे. दुसऱ्या ३० जणांची विनोदी, मुलांचा, दुष्काळ अशी आहे. आणि शेवटच्या ३० जणांची मुलांचा, दुष्काळ, विनोदी अशी आहे. आता दुष्काळावरचा लघुपट विनोदी लघुपटाला ६० विरुद्ध ३० मतांनी हरवतो. विनोदी लघुपट मुलांच्या लघुपटाला ६० विरुद्ध ३० ने हरवतो. आणि मुलांचा लघुपट दुष्काळावरच्या लघुपटाला त्याच फरकाने हरवतो. तिघांतून एक विजेता काढायचा म्हणजे एकाला पुढे चाल द्यावी लागणार. ती विनोदी लघुपटाला दिली, तर मुलांचा लघुपट दुष्काळाला हरवून अंतिम सामन्यात येतो आणि तेथे विनोदीकडून हरतो. पुढे चाल दुसऱ्या कोणाला देऊन पाहा, दर वेळी ज्याला पुढे चाल तोच विजेता ठरतो. एकाही प्रेक्षकाने आपले मत बदललेले नसते आणि कोणी लबाडीही केलेली नसते.

यावर दिलासा एवढाच की जो लघुपट इतर प्रत्येकाला समोरासमोर हरवू शकतो, त्याला कोणताही ड्रॉ अडवू शकत नाही. मात्र त्यासाठी प्रत्येक फेरीत मत देणारे लोक तेच असावे लागतात. पहिल्या फेरीला गावातले साठ जण आणि अंतिम फेरीला लिंकवरून आलेले सहा हजार, असे झाले की ही हमीही गेली.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पुढे चाल हा प्रकारच ठेवू नये. सरासरी २० मिनिटांचा एक धरला तर २१ लघुपट मिळून ४२० मिनिटे, म्हणजे सात तास होतात. एका शनिवार-रविवारी ते सगळे दाखवून होतात. प्रत्येक प्रेक्षकाला २१ नावांचा छापील कागद द्यावा आणि आवडलेल्या लघुपटांपुढे, मग ते कितीही असोत, खूण करायला सांगावी. सर्वाधिक खुणा मिळालेले १६ तक्त्यात घ्यावेत. तक्त्यातील जागा मात्र त्या खुणांच्या क्रमाने न देता सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, फक्त एकाच दिग्दर्शकाचे किंवा एकाच महाविद्यालयाचे दोन लघुपट तक्त्याच्या वेगवेगळ्या अर्ध्या भागांत पडतील एवढे पाहावे. यानंतर १५ सामने उरतात. पुढच्या सर्व फेऱ्यांत पाहायला नवे काहीच नसते, आठवायचे आणि ठरवायचे तेवढे असते, ही गोष्ट अशा स्पर्धा घेणारे बहुतेक जण विसरतात आणि प्रत्येक फेरीला सारखाच वेळ देतात. आपली सगळी मेहनत त्या पहिल्या दोन दिवसांवर लावावी; पुढचे सामने तीन-तीन दिवसांत उरकले तरी चालतील.

प्रश्न : माझा लघुपट एका ऑनलाइन स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत हरला. प्रतिस्पर्धी दिग्दर्शकाच्या गावाने व्हॉट्सअॅपवर आवाहन करून एका रात्रीत शेकडो मते टाकली. त्यातील कितींनी माझा लघुपट उघडूनही पाहिला नसेल. ही फसवणूक नव्हे काय? (एक दिग्दर्शक, नांदेड)

उत्तर : आपले दुःख समजते, पण याला फसवणूक म्हणता येणार नाही. आपल्या गावचा पोरगा पुढे यावा म्हणून गाव जागे राहिले, तर त्या गावाचे काही चुकले असे मला वाटत नाही. चुकले असेल तर ते आयोजकांचे. त्यांनी विचारले होते ‘कोणता लघुपट सरस?’, आणि मोजले मात्र ‘कोणाची माणसे जास्त?’

मी स्वतः ही चूक केलेली आहे, तेव्हा सांगण्याचा अधिकार आहे असे समजतो. लातुरात एका सभागृहात आम्ही अशीच जोडीजोडीने लघुपटांची स्पर्धा घेतली होती. दाराशी दोन पत्र्याचे डबे ठेवले, त्यांवर लघुपटांची नावे चिकटवली आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातावर सोयाबीनचा एक दाणा ठेवला. जो लघुपट आवडला त्याच्या डब्यात दाणा टाकायचा. कागद नको, पेन नको, निरक्षर माणसालाही मत देता येईल, म्हणून आम्ही स्वतःवर फार खूश होतो. प्रेक्षक सत्तरच्या आत होते आणि डबे पालथे केले तेव्हा दाणे निघाले दोनशेच्या वर. लातुरात, तेही सोयाबीनची आवक सुरू असताना, मतपत्रिका म्हणून सोयाबीनच निवडण्याची बुद्धी आम्हाला कशी झाली, हे आजही कोडे आहे. कोणाच्या खिशात नमुन्याचे दाणे होते, कोणाच्या पिशवीत. पुढच्या वेळी तिकिटाचा शिक्का मारलेला अर्धा तुकडा हेच मत ठरवले आणि तो दोन्ही लघुपट संपल्यावरच हातात दिला. दुसऱ्या लघुपटाच्या आधी उठून जाणाऱ्याला मत नाही, या एका नियमाने निम्मा गोंगाट थांबला.

ऑनलाइन स्पर्धेत याच नियमाचा अवतार आणता येतो. प्रत्येक लघुपटाच्या शेवटी, श्रेयनामावलीनंतर, एक शब्द पडद्यावर दाखवावा, ‘बाभूळ’, ‘चुलाण’, ‘खळे’ असा कोणताही. मत देताना दोन्ही लघुपटांचे शब्द लिहावे लागतील आणि एक जरी चुकला तरी मत बाद होईल. हे शब्दही व्हॉट्सअॅपवर फिरतील, हे मान्य आहे. त्यासाठी दर दोन दिवसांनी ते बदलावेत, किंवा शब्दाऐवजी लघुपटातलाच एखादा साधा प्रश्न विचारावा : म्हातारीच्या हातात शेवटी काय होते? ज्याने पाहिले आहे त्याला उत्तर देणे जड जात नाही. दुसरे असे की मतदान चालू असताना चालू आकडे दाखवू नयेत. आपला माणूस चाळीस मतांनी मागे आहे हे कळल्याशिवाय गाव रात्रभर जागत नाही.

मतदानाच्या साधनाविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. व्हॉट्सअॅपच्या गटातील पोल सोपा वाटतो, पण त्यात कोणी कोणाला मत दिले हे गटातल्या इतरांना दिसते, एकापेक्षा जास्त पर्याय निवडण्याची मुभा आपण बंद केली नाही तर चालूच राहते, आणि गट १०२४ सदस्यांवर थांबतो. सरपंचाच्या पुतण्याच्या लघुपटाविरुद्ध उघड मत द्यायला किती जण धजावतील, याचा विचार आपणच करावा. गूगल फॉर्ममध्ये एका खात्याला एकच उत्तर अशी अट घालता येते, त्यासाठी मतदाराला आपल्या खात्याने आत यावे लागते. पण ‘एक फोन, एक मत’ हा नियम वाटतो तितका न्याय्य नाही. आपल्याकडे अनेक घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो कर्त्या पुरुषाच्या किंवा मुलाच्या खिशात असतो, त्यामुळे घरातल्या बायकांचे मत त्या एका बोटात जमा होते. म्हणून जेथे जमेल तेथे वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात एक संध्याकाळ खेळ ठेवून कागदावर मत घ्यावे, आणि ती मते ऑनलाइन मतांत कशी मिळवणार हे स्पर्धेआधी जाहीर करावे. मतासाठी फोन नंबर घेतलेच, तर निकालानंतर ती यादी पुसून टाकावी. ती दुसऱ्या कार्यक्रमाच्या निमंत्रणासाठी जपून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो.

प्रश्न : आमच्या स्पर्धेची अंतिम फेरी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबरला ठेवावी असा विचार आहे. योग्य ठरेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : दिवस चांगला आहे. १९४८ साली याच दिवशी निजामाचे संस्थान शरण आले आणि मराठवाड्यातील लोक तो विसरलेले नाहीत. सकाळी ध्वजारोहणामुळे सभागृहे आणि शाळा गुंतलेल्या असतील, संध्याकाळ मोकळी मिळेल. त्या वर्षी गणेशोत्सव कधी आहे तेवढे पाहून घ्यावे, नाहीतर समोरच्या मंडळाच्या भोंग्याशी सामना करावा लागेल. उघड्यावर पडदा लावणार असाल तर पावसाचा भरवसा नाही, म्हणून छत असलेली दुसरी जागा हाताशी ठेवावी.

आपल्या यादीतील काही लघुपट ऊसतोडीवर आहेत, असे पत्राच्या शेवटी आपण लिहिले आहे, त्यामुळे तारखेचा आणखी एक विचार करावासा वाटतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. या काळात स्पर्धा घेतली, तर ज्यांच्या आयुष्यावर हे लघुपट आहेत त्यांच्यातले मत देणारे गावात कोणी नसते आणि फडावर रात्री फोन चार्ज करायचीही पंचाईत असते. सप्टेंबरमधील अंतिम फेरी या दृष्टीनेही बरी आहे, परंतु मग पहिली फेरी जुलैच्या आत जाऊ देऊ नये. पेरण्यांच्या दिवसांत संध्याकाळी कोणी येत नाही.

प्रश्न : यूट्यूबवर सर्वांना मोफत उपलब्ध असलेला लघुपट सभागृहात दाखवायला परवानगी लागते का? सेन्सॉरचे प्रमाणपत्रही लागते का? (एक वाचक, जालना)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे. यूट्यूबवर पाहता येणे वेगळे आणि लोक जमवून पडद्यावर दाखवण्याचा हक्क मिळणे वेगळे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क हक्कधारकाचा असतो, आणि हक्कधारक दिग्दर्शकच असेल असे नाही; बहुतेक वेळा तो निर्माता असतो. प्रवेशिकेच्या अर्जातच लेखी संमती घ्यावी, तीत सभागृहातील खेळ किती आणि ऑनलाइन दाखवण्याचे दिवस किती हे स्पष्ट लिहावे. लघुपटात एखादे प्रसिद्ध गाणे वापरले असेल तर त्याच्या हक्कांचे काय केले, हेही विचारावे. विचारल्यावर अनेकांचे चेहरे उतरतात, पण निकालानंतर उतरण्यापेक्षा आधी उतरलेले बरे.

प्रमाणपत्राविषयी : १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. २०२३ च्या दुरुस्तीने त्यातील ‘यूए’ वर्गाचे, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांचे, ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग केले आहेत. महोत्सवांना केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून यातून सूट मागता येते, पण तो अर्ज आधी करायचा असतो, पडदा बांधून झाल्यावर नव्हे. दिग्दर्शकांनीही आपले हित पाहावे. ऑनलाइन सर्वांसाठी खुला केलेला चित्रपट काही महोत्सव घेत नाहीत, तेव्हा ज्यांचा लघुपट अजून बाहेर फिरायचा आहे त्यांनी तो फक्त पासवर्ड असलेल्या लिंकवरच ठेवण्याची अट आयोजकांना घालावी.

प्रश्न : सहा मिनिटांच्या लघुपटासमोर एकशे दहा मिनिटांचा चित्रपट आला तर? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : येऊ देऊ नये. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा तो लघुपट मानतात. तीच रेघ आपणही ओढावी आणि दोन वेगळे तक्ते करावेत. लांब चित्रपट चारच असतील तर त्यांचा चौघांचा तक्ता करावा, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : दोघांना सारखीच मते पडली तर आयोजकाने निर्णायक मत द्यावे का? आणि पहिल्याच फेरीत बाद झालेल्या आठ दिग्दर्शकांना आम्ही काय देऊ शकतो? प्रमाणपत्र द्यावे, असे आमच्या समितीला वाटते. (एक विद्यार्थी, धाराशिव)

उत्तर : आयोजकाने मत देऊ नये, तो प्रत्येक दिग्दर्शकाला ओळखतो आणि सर्वांना ते ठाऊक असते. सभागृहात दोन्ही लघुपट पाहून दिलेली मते ज्याच्या बाजूला जास्त, तो पुढे जाईल, असा नियम आधीच छापून ठेवावा. तेथेही बरोबरी झाली, तर चोवीस तासांचे फेरमतदान घ्यावे.

प्रमाणपत्र जरूर द्या, पण त्याहून उपयोगाची वस्तू तुमच्या हातात आपसूक येत असते. मताच्या चिठ्ठीवर एक ओळ रिकामी ठेवा आणि त्यावर ‘दोन्हींपैकी ज्याला मत दिले नाही त्याविषयी एक वाक्य लिहा’ असे छापा. लातूरच्या त्या दुसऱ्या स्पर्धेत आम्ही हे केले होते. विहिरीवर घडणारा एक लघुपट पहिल्याच फेरीत हरला. त्याच्या चिठ्ठ्यांमध्ये ‘छान’, ‘मस्त’, ‘थोडा संथ’ असे बरेच होते, आणि नातवाकडून लिहून घेतलेली एका आजींची ओळ होती : “राहाट इतका गप कसा? आमचा तर शेजारच्या शिवारात ऐकू जायचा.” दिग्दर्शकाने त्या दृश्याचा आवाज स्टुडिओत घातला होता आणि तो फारच गुळगुळीत झाला होता. आम्हा समितीतल्या कोणाच्याही कानाला ते खटकले नव्हते.

लिहिता न येणाऱ्यांसाठी दाराशी एक कार्यकर्ता बसवावा आणि त्याला फक्त ऐकून लिहायला सांगावे, वाक्य सुधारायला नव्हे. चिठ्ठ्यांवर नाव घेऊ नये. प्रत्येक लघुपटाच्या चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात भरून, त्यातली शिवीगाळ तेवढी बाजूला काढून, मतांच्या आकड्यासह दिग्दर्शकाला द्याव्यात, आणि हे पाकीट अंतिम फेरीची वाट न पाहता लघुपट बाद झाला त्याच आठवड्यात पाठवावे.